मक्याच्या माहेरात मक्यावर संशोधन करणारा वर्ध्याचा गदर क्रांतिकारक

पोलादपूर मागे टाकलं की आंबेनळी घाट सुरू होतो. महाडकडून भोरला निघालात तर वरंधा घाट लागतो. पावसाळ्यात महाड-पोलादपूर भागातून घाट चढणारा माणूस दोन गोष्टींसाठी हमखास गाडी थांबवतो. एक धबधबा आणि दुसरं निखाऱ्यावर भाजलेलं मक्याचं कणीस. वरून लिंबू, मीठ आणि लाल तिखट.

यातलं लिंबू आणि मीठ सोडलं, तर उरलेल्या दोन्ही गोष्टी मेक्सिकोच्या. मका तिथला आणि मिरचीही तिथलीच.

आता तुम्ही म्हणाल, आपल्या घरच्या जेवणात असलं काही नाही. मग उपवासाचं ताट घ्या. साबुदाणा ज्या कंदापासून बनतो तो कसावा दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणाही तिथलाच. बटाटा अँडीज पर्वतातला, रताळं अमेरिका खंडातलं, राजगिरा मेक्सिकोचा आणि हिरवी मिरचीसुद्धा. म्हणजे आपल्या आजीच्या सोवळ्यातल्या खिचडीचा बहुतेक सगळा कच्चा माल पाचशे वर्षांपूर्वी भारतात कुणाला माहीतही नव्हता. कोलंबस १४९२ मध्ये अमेरिकेत पोहोचला, पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतलं आणि त्यानंतर जहाजांतून ही पिकं आपल्या किनाऱ्यांवर उतरत गेली. काजू, पेरू, पपई, अननस, सीताफळ, लाल भोपळा, टोमॅटो, तंबाखू अशी ही यादी बरीच लांब आहे.

पण ही पिकं जंगलात अशीच तयार उगवत नव्हती. हजारो वर्षं खपून कुणीतरी ती घडवली होती. ती कुणी आणि कशी घडवली, हे कोडं विसाव्या शतकात शास्त्रज्ञ सोडवत होते. त्याच काळात मेक्सिकोत एक मराठी माणूस त्याच मक्याच्या शेतात उभा होता. इंग्रज सरकारला हवा असलेला, इराणमध्ये लढलेला आणि पुढे मेक्सिकोच्या कृषी महाविद्यालयात प्राध्यापक झालेला.

त्यांचं नाव डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे.

दुष्काळातलं बालपण

खानखोजेंचा जन्म नोव्हेंबर १८८४ चा, वर्ध्याचा. वडील कोर्टकचेरीच्या कामात होते. प्राथमिक आणि माध्यमिक शिक्षण वर्ध्यात झालं आणि पुढच्या शिक्षणासाठी ते नागपूरला गेले.

त्या काळाकडे जरा बघितलं पाहिजे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ देशावर आले. मध्य प्रांत आणि वऱ्हाडाला त्यांचा जबर तडाखा बसला. खानखोजे तेव्हा बारा ते पंधरा-सोळा वर्षांचे. आजूबाजूला अन्नावाचून माणसं मरत होती आणि सरकारची सारावसुली चालूच होती. टिळकांच्या लिखाणाने पेटलेल्या त्या पिढीला गुलामी आणि भूक या वेगळ्या गोष्टी वाटत नव्हत्या. हा धागा लक्षात ठेवा, कारण खानखोजेंचं पुढचं सगळं आयुष्य याच दोन गोष्टींभोवती फिरतं.

विशीत येईपर्यंत पोलिसांची नजर त्यांच्यावर पडली होती. टिळकांना भेटून त्यांनी देश सोडायचं ठरवलं. लष्करी शिक्षण घ्यायचं आणि परत येऊन इंग्रजांशी लढायचं, असा बेत होता. टिळकांच्या सल्ल्याने ते आधी जपानला गेले. रशियाला हरवणारा आशियाई देश म्हणून तेव्हा जपानचं फार आकर्षण होतं. तिथून त्यांनी अमेरिका गाठली.

अमेरिकेत त्यांनी एकाच वेळी दोन शिक्षणं घेतली. कॅलिफोर्नियातल्या माउंट तमालपाइस मिलिटरी अकॅडमीत लष्करी शिक्षण घेतलं. ओरेगन आणि वॉशिंग्टन या राज्यांतल्या कॉलेजांत शेतीशास्त्र शिकले. एका हातात बंदूक आणि दुसऱ्या हातात बियाणं, असा हा मामला होता.

गदर आणि इराण

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा लाकडाच्या गिरण्यांत, रेल्वेच्या कामांवर आणि शेतांत हजारो पंजाबी मजूर राबत होते. त्यांना संघटित करायच्या कामात खानखोजे पंडित काशीराम यांच्यासोबत सुरुवातीपासून होते. यातूनच १९१३ मध्ये गदर पक्ष उभा राहिला. सोहनसिंग भकना अध्यक्ष, लाला हरदयाळ लेखणी चालवणारे आणि खानखोजेंकडे लष्करी तयारीची बाजू. १ नोव्हेंबर १९१३ ला सॅन फ्रान्सिस्कोहून गदरचं वर्तमानपत्र सुरू झालं.

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं आणि गदरवाल्यांना हीच वेळ वाटली. शेकडो माणसं भारतात परतली. त्यात तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळेही होते. फौजेत उठाव करायचा बेत फुटला आणि १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरच्या तुरुंगात पिंगळे आणि कर्तारसिंग सराभा यांना इतर साथीदारांसह फाशी झाली.

खानखोजेंचा मार्ग वेगळा होता. ते तुर्कस्तानमार्गे इराणमध्ये गेले. बलुचिस्तानच्या सीमेवरून भारतात फौज घुसवता येईल का, याची ती खटपट होती. तिथल्या टोळ्यांना सोबत घेऊन ते इंग्रजांविरुद्ध लढले, जखमी झाले, पकडले गेले आणि निसटले. युद्ध संपलं तेव्हा इंग्रज जिंकले होते आणि गदरचा उठाव मोडला होता.

१९२१ मध्ये वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, भूपेंद्रनाथ दत्त वगैरे मंडळींसोबत ते मॉस्कोला जाऊन आले. मग बर्लिन. भारतात परतायचं तर तुरुंग नक्की, कदाचित फाशीही. चाळिशीला आलेल्या या माणसाकडे देश नव्हता, पैसा नव्हता, फौजही नव्हती. उरली होती ती शेतीशास्त्राची पदवी.

१९२४ मध्ये ते मेक्सिकोत उतरले.

मेक्सिकोच का?

अमेरिकेत असतानाच खानखोजेंच्या मेक्सिकन क्रांतिकारकांशी ओळखी झाल्या होत्या. मेक्सिकोत १९१० मध्ये क्रांती सुरू झाली आणि तिच्या मुळाशी जमिनीचा प्रश्न होता. गावंच्या गावं मोठ्या जमीनदारांच्या ताब्यात गेली होती. जमीन कसणाऱ्याची असली पाहिजे, म्हणून एमिलियानो सापाता हा शेतकरी नेता लढला आणि १९१९ मध्ये दगाफटक्याने मारला गेला. पण त्याची मागणी मेली नाही. नव्या सरकारला गावांना जमिनी परत द्याव्या लागत होत्या.

मेक्सिको सिटीजवळच्या चापिंगो गावातली मोठी हवेली एकेकाळी एका माजी राष्ट्राध्यक्षाच्या मालकीची होती. सरकारने तिथं राष्ट्रीय कृषी विद्यालय आणलं. जमीनदाराच्या वाड्यात शेतकऱ्यांची पोरं शिकायला लागली. दिएगो रिवेरा या जगप्रसिद्ध चित्रकाराने तिथल्या जुन्या प्रार्थनाघराच्या भिंती १९२४ ते १९२७ या काळात रंगवल्या. याच विद्यालयात खानखोजे प्राध्यापक झाले.

आणि इथं त्यांची गाठ मक्याशी पडली.

गवताचं कणीस कसं झालं?

मका ही विचित्र वनस्पती आहे. ज्वारी, नाचणी, भात यांचे रानटी भाऊबंद ओळखू येतात. मक्यासारखं दिसणारं रानटी झाड मात्र जगात कुठंच नाही. शिवाय मका माणसाशिवाय जगूच शकत नाही. कणीस पानांच्या आवरणात घट्ट गुंडाळलेलं असतं, त्यामुळे दाणे आपोआप सांडत नाहीत. अख्खं कणीस जमिनीवर पडलं, तरी शेकडो दाणे एकाच जागी उगवतात आणि एकमेकांचा गळा घोटतात. पेरायला माणूस नसेल, तर काही पिढ्यांत मका संपेल.

मग हे झाड आलं कुठून?

मेक्सिकोत टिओसिंटे नावाचं एक रानगवत आहे. त्याला भरपूर फांद्या फुटतात. त्याचं कणीस बोटाएवढं, त्यात पाच ते बारा दाणे, तेही एवढ्या टणक कवचात की दाताखाली फुटायचे नाहीत. पिकलं की दाणे सुटून विखुरतात. मक्याच्या शेजारी ठेवलं तर दोघांचं काही नातं असेल असं स्वप्नातही वाटणार नाही. पण दोघांची गुणसूत्रं सारखीच, दहा जोड्या. आणि दोघांचा संकर सहज होतो.

खानखोजे मेक्सिकोत होते तेव्हा यावर जोरदार वाद चालू होता. जॉर्ज बीडल हा अमेरिकन शास्त्रज्ञ म्हणायचा की टिओसिंटे हाच मक्याचा पूर्वज. पॉल मँगल्सडॉर्फ म्हणायचा की एवढा फरक शक्य नाही, खरा पूर्वज एखादा रानटी मका असणार आणि तो नामशेष झाला असणार. हा वाद पुढे पन्नास वर्षं चालला.

निकाल बीडलच्या बाजूने लागला. निवृत्तीनंतर बीडलने मका आणि टिओसिंटे यांच्या संकराच्या दुसऱ्या पिढीची सुमारे ५०,००० झाडं मेक्सिकोत वाढवली. साधारण पाचशे झाडांमागे एक अगदी मक्यासारखं आणि एक अगदी टिओसिंटेसारखं निघालं. म्हणजे एवढा प्रचंड वाटणारा फरक मुख्यतः चार-पाच जनुकांचा खेळ होता. पुढे २००२ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून दिसलं की मका सुमारे ९,००० वर्षांपूर्वी एकदाच घडला, नैर्ऋत्य मेक्सिकोत. तिथल्या बाल्सास नदीच्या खोऱ्यातलं टिओसिंटे त्याच्या सर्वांत जवळचं निघालं. त्याच खोऱ्यातल्या एका कातळाच्या आडोशाला दगडी पाट्यांवर सुमारे ८,७०० वर्षांपूर्वीचे मक्याचे सूक्ष्म अवशेष सापडले.

याचा अर्थ सोपा आहे. कुठल्याही प्रयोगशाळेशिवाय, लिपीशिवाय, लोखंडाशिवाय तिथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चांगलं बी निवडून ठेवलं. ज्याचं कवच मऊ ते ठेवलं, ज्याचे दाणे सांडत नाहीत ते ठेवलं, ज्याचं कणीस मोठं ते ठेवलं. त्याच शेतात वेलीचा घेवडा आणि भोपळा लावला. मका घेवड्याला आधार देतो, घेवडा जमिनीला नत्र देतो आणि भोपळ्याची पानं जमीन झाकतात. कोकणात भाताच्या बांधावर तूर लावणाऱ्या माणसाला यातलं शहाणपण वेगळं समजवावं लागत नाही.

खानखोजेंनी काय केलं?

मेक्सिकोच्या पठाराची अडचण अशी की चापिंगो समुद्रसपाटीपासून सुमारे सव्वादोन हजार मीटर उंच आहे, म्हणजे महाबळेश्वरच्या दीडपटीहून जास्त. पाऊस उशिरा आला तर पेरणी लांबते आणि पिकं तयार होण्याआधीच थंडीचं हिव पडतं. अशा वेळी गरिबाचं वर्षाचं अन्न एका रात्रीत करपतं, कारण मेक्सिकोत मका म्हणजे भाजी किंवा खाऊ नव्हे. आपली जशी भाकरी तशी त्यांची तोर्तिया, आणि ती मक्याची.

खानखोजेंनी हिव आणि दुष्काळ सोसणारे वाण काढायच्या कामाला हात घातला. मक्याबरोबरच गहू आणि कडधान्यांवरही त्यांनी काम केलं. मक्याची पैदास हे चिकाटीचं काम असतं. झाडाच्या शेंड्यावर तुरा असतो, त्यात परागकण. खाली कणसाला रेशमी केस असतात. एका केसावर एक परागकण पडला की एक दाणा भरतो. वारा कुणाचेही पराग कुणावरही टाकतो. त्यामुळे ठरावीक जोडी जमवायची असेल तर तुऱ्याला आणि कणसाला पिशव्या बांधायच्या, हाताने पराग टाकायचे, नोंद ठेवायची आणि पुढच्या हंगामाची वाट बघायची. असे हंगामामागून हंगाम.

त्यांनी टिओसिंटे आणि मका यांच्या संकरावरही काम केलं. टिओसिंटेला फांद्या जास्त, कणसं जास्त आणि काटकपणाही जास्त. नऊ हजार वर्षांपूर्वी शेतकऱ्याने जे गवत मागे सोडलं होतं, त्यातले हरवलेले गुण परत मक्यात आणता येतील का, हा प्रश्न होता. पिकांच्या रानटी नातेवाइकांकडून गुण उधार घ्यायची ही पद्धत आज जगभरचे पैदासकार वापरतात.

त्यांच्या मक्याच्या नव्या वाणांवरची पुस्तिका १९३० मध्ये चापिंगोतून निघाली. तिच्यासाठी कणसांचे फोटो काढले होते तीना मोदोत्ती यांनी. या इटालियन फोटोग्राफर बाईंचं नाव आज फोटोग्राफीच्या इतिहासात मानाने घेतात.

शाळा शेतकऱ्याच्या दारात

नवं बी विद्यालयाच्या आवारात पडून राहिलं तर उपयोग काय? ज्यांना नुकत्याच जमिनी मिळाल्या होत्या त्या शेतकऱ्यांकडे ना पैसा होता ना शिक्षण. म्हणून खानखोजेंनी शेतकरी संघटनांना हाताशी धरून गावोगावी मोफत शेती शाळा सुरू केल्या. बियाणं कसं निवडायचं, जमीन कशी राखायची, हे शेतकऱ्यांना त्यांच्याच गावात शिकवलं जाई. अशा एका शाळेला सापाताचं नाव दिलं होतं. या कामात रिवेरा त्यांच्या सोबत होता आणि मोदोत्ती शाळांचे फोटो काढत होत्या.

गदरच्या दिवसांत मजुरांना गोळा करून बंदूक शिकवायची होती. आता शेतकऱ्यांना गोळा करून बियाणं शिकवायचं होतं. हत्यार बदललं होतं. माणूस तोच आणि ज्यांच्यासाठी लढायचं ती माणसंही तशीच, घामाच्या जिवावर जगणारी.

रिवेराने त्यांना कायमचं भिंतीवर नेऊन बसवलं. मेक्सिको सिटीत शिक्षण मंत्रालयाची इमारत आहे. तिच्या भिंतीवर रिवेराने १९२८ मध्ये अन्नाच्या वाटपाचं एक चित्र काढलं. मोठ्या टेबलाभोवती वेगवेगळ्या रंगांची, वंशांची माणसं बसली आहेत आणि मधोमध एक माणूस सगळ्यांसाठी पाव मोडतो आहे. तो चेहरा खानखोजेंचा.

परतीची वाट

१९३६ मध्ये खानखोजेंनी जेन सिंदिक या बेल्जियन तरुणीशी लग्न केलं. सावित्री आणि माया अशा दोन मुली झाल्या. बापाने मेक्सिकोत जन्मलेल्या मुलीचं नाव सावित्री ठेवलं, यावरून मन कुठं होतं ते कळतं.

१९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला. आता परत जायचं. पण झालं असं की त्यांनी परतण्यासाठी केलेला पहिला अर्ज फेटाळला गेला. कारण इंग्रज सरकारने घातलेली बंदी कागदावरून उठलेलीच नव्हती. ज्या राज्याविरुद्ध ते लढले ते गेलं, पण त्या राज्याने केलेली काळी यादी मागे राहिली. नंतर निर्णय बदलला आणि ते भारतात आले. वीस-बावीस वर्षांचा असताना निघालेला मुलगा साठी ओलांडून घरी परतला होता.

शेवटची वर्षं त्यांनी नागपुरात काढली. २२ जानेवारी १९६७ ला त्यांचं निधन झालं. बीडलची ती हजारो झाडं तोवर लावली गेली नव्हती, त्यामुळे मक्याच्या पूर्वजाच्या वादाचा निकाल त्यांना बघायला मिळाला नाही.

सावित्री साहनी यांनी वडिलांच्या आठवणींचं इंग्रजी पुस्तक लिहिलं. मराठीत वीणा गवाणकरांनी त्यांचं चरित्र लिहिलं. गवाणकरांचं नाव घेतलं की आपल्याला ‘एक होता कार्व्हर’ आठवतं. शेंगदाण्यावर संशोधन करणारा अमेरिकेतला कार्व्हर महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचला. मक्यावर काम करणारा आपला वर्ध्याचा माणूस मात्र तेवढा पोहोचला नाही. २०२२ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला मेक्सिकोला गेले होते, तेव्हा चापिंगोच्या विद्यापीठात खानखोजेंच्या पुतळ्याचं अनावरण झालं आणि बऱ्याच जणांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं.

मक्याचा पहिला शेतकरी कोण, बटाट्याचं कडू कंद गोड कुणी केलं, मिरचीचं पहिलं रोप अंगणात कुणी लावलं, ही नावं कुठंच लिहिलेली नाहीत आणि कधी सापडणारही नाहीत. खानखोजे याच निनावी माणसांचं काम पुढे नेत होते. फरक इतकाच की त्यांचं नाव आपल्याला माहीत आहे. ते विसरायचं की लक्षात ठेवायचं, हे आपल्या हातात आहे.